जुना कॅमेरा लिलावात काढायचाय, ईबेवर का फुकटवाल्या साइटवर?

इकडे अमेरिकेत गराज सेलमध्ये घेतलेला फिल्म कॅमेरा कुठे विकायचा म्हणून मला बरेच जण विचारतात, ईबे कमिशन कापतं आणि छोट्या साइटवर लिस्टिंग फुकट, मग फुकटच बरं ना? मी सांगतो कमिशन नंतर बघा, आधी बोली लावणारे किती येतात ते बघा. लिलावात ज्याला वस्तू सगळ्यात जास्त हवीय त्याच्या खिशावर भाव ठरत नाही, त्याच्या खालचा दुसरा माणूस जिथे थांबतो त्याच्या जरासं वर सौदा पक्का होतो. दुसरा आलाच नाही तर सुरुवातीच्या किमतीला वस्तू गेली. माझी एक लेन्स अशीच गेली, फुकट लिस्टिंग, सात दिवस, बोली एकच. विकणारे मात्र तिथे भरपूर, कारण फुकट म्हटलं की विकणारे पटकन जमतात, घेणारे नाही जमत.

पण मोठं नाव म्हणजे गर्दी असंही नाही हं. जपानमध्ये याहूने 1999 ला लिलाव सुरू केला, ईबे 2000 ला पोचलं, तेही फी लावून, तोवर घेणारे-विकणारे दोघंही याहूवर स्थिरावलेले, 2002 मध्ये ईबेने गाशा गुंडाळला. अमेरिकेत बरोब्बर उलटं, ईबे 1995 पासूनचं, याहूने सुरुवातीला फुकट लिस्टिंग देऊनही लोक हलले नाहीत आणि 2007 मध्ये याहूचा इथला लिलाव बंद झाला.

आता गर्दीचा तोटा. तुमचंच मॉडेल अजून पन्नास जणांनी लावलं असेल तर घेणारे वाटले जातात, कुणाच्याच लिस्टिंगवर दोघं भिडत नाहीत. म्हणून आधी ईबेवर सोल्ड आयटम्सचा फिल्टर लावून खरंच किती विकले गेले आणि कितीला ते बघा, लोकांनी मागितलेल्या किमती बघू नका. सर्रास मिळणारा कॅमेरा असेल तर लिलाव नकोच, बाय इट नाऊ, म्हणजे बोलीशिवाय ठरलेली किंमत, लावून वाट बघा. दुर्मिळ असेल तर मात्र ईबेवर लिलावच, आणि सुरुवात कमी ठेवायला घाबरू नका. रविवारी संध्याकाळी संपेल असं लावा, तिथे संपायची वेळ पक्की असते आणि बऱ्याच बोल्या शेवटच्या काही सेकंदांत पडतात, त्या वेळी घेणारा जागा आणि मोबाइल हातात घेऊन बसलेला हवा.