चौदा अक्षरांची पावती

लोकांची बिले तपासून माझे पोट भरते. फोंडा आणि आसपासच्या वीसेक दुकानदारांचे जीएसटीचे काम मी बांदोड्याच्या घरी बसून करते. कोणी कच्ची पावती आणली की त्याच्यावर डाफरते. आणि मीच ७,१५० रुपये मोजून अशी पावती घेतली की ती गिऱ्हाइकाने आणली असती तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवले असते. लाज वाटते, तरी लिहिते. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की इंटरनेटची पत्रके वाटणारे पुन्हा दारोदार फिरू लागतात.

२०२४ चा ऑगस्ट. चवथ ७ सप्टेंबरला, घरात रंगकाम काढलेले, माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर फळे-पाने टांगायच्या, चौकटीला वाळवी लागली म्हणून सुतार बोलावलेला. अशा गडबडीत एक पोरगा स्कूटरवरून आला. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर फायबरचे वेटोळे. "बाय, चवथीची ऑफर. १०० एमबीपीएस, अनलिमिटेड, महिन्याला ३९९. बारा महिन्यांचे आगाऊ भरा, वर तीन महिने फुकट. राऊटरचे फक्त डिपॉझिट, तेही परत मिळणार."

आमच्याकडे आधीची जोडणी होती. ५९९ आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला ७०७ रुपये. तक्रार करायला जागा नव्हती. पावसाळ्यात कधी दोन दिवस बंद पडायची, पण माणूस येऊन दुरुस्त करून जायचा. पोराच्या हिशेबाने बारा महिन्यांचे ४,७८८, त्यावर जीएसटी ८६२, एकूण ५,६५०. पंधरा महिन्यांवर वाटले तर महिन्याला ३७७ सुद्धा नाही. सव्वातीनशे वाचत होते. आकड्यांत वावरणाऱ्या बाईला आकड्यानेच गाठले.

पैसे भरताना फोनवर कंपनीचे नाव आले नाही, एका बाईचे आले. मी विचारले तर तो हसला. "तें म्हज्या बायलेचें खातें. कंपनीच्या खात्यावर भरले तर ऑफर मिळत नाही." हे वाक्य आज लिहितानासुद्धा डोक्यात तिडीक उठते, कारण ते त्याने लपवून नव्हे, उघड सांगितले होते. डिपॉझिटचे १,५०० धरून ७,१५० पाठवले, त्याने छापील पुस्तकातली पावती फाडून दिली, आणि मी ती देवघराच्या ड्रॉवरमध्ये टाकली.

२१ ऑगस्टला लाइन चालू झाली. केबल रस्त्याच्या खांबावरून आमच्या माडाला नायलॉनच्या दोरीने बांधून आणली. राऊटर उलटा केला तर खाली दुसऱ्या कोणाचे तरी नाव लिहिलेली चिकटपट्टी अर्धवट खरवडलेली. त्याने स्वतःच्या मोबाईलवर वेग मोजून दाखवला, ९६. सासऱ्यांनी लगेच नाट्यगीते लावली. मी त्याच आठवड्यात जुनी जोडणी बंद केली.

महिनाभर सगळे छान. मग चवथ संपली, आणि ऑक्टोबरपासून रात्री आठनंतर सासऱ्यांच्या नाट्यगीतात चक्र फिरू लागले. ताना चाललेल्या असताना गायक मध्येच गोठायचा. मी वेग मोजला: सकाळी ३८, रात्री ६ किंवा ७. पोराला फोन केला की उत्तर ठरलेले. "फाल्यां येतां, बाय." उद्या येतो. त्याचा उद्या कॅलेंडरवर कधी उगवला नाही.

माझा एक भाचा पणजीला नेटवर्किंगच्या कामात आहे. दिवाळीला आला तेव्हा त्याने दोन गोष्टी सांगितल्या. एकाच फायबरला पुढे फाटे फोडून ३२ किंवा ६४ घरे जोडतात. त्या फायबरवरून येणारा वेग सुमारे अडीच जीबीपीएस, म्हणजे अडीच हजार एमबीपीएस, असतो; ६४ घरांनी एकाच क्षणी ओढला तरी वाट्याला ३८-३९ एमबीपीएस येतात, आणि सगळे एकाच क्षणी कधीच ओढत नाहीत. म्हणजे गावातली केबल सहसा दोषी नसते. गोम तिच्या मागे असते. पुरवठादाराने वरून किती बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहून नेण्याची क्षमता, विकत घेतली आणि ती किती घरांना विकली, यावर रात्रीचा वेग ठरतो, आणि स्वस्तात देणारा काटछाट करतो ती तिथेच. दुसरी गोष्ट वेग मोजण्याची. मोजणाऱ्या ॲपमध्ये सर्व्हर निवडता येतो. पुरवठादाराच्याच जाळ्यातला सर्व्हर निवडला तर बाहेरच्या रस्त्यावर कितीही गर्दी असो, आकडा चांगलाच दिसतो. "मामी, सकाळी कधीही ३८ च्या वर जात नाही, हे मात्र वेगळेच आहे," असेही तो म्हणाला. मी तिथेच थांबून विचार करायला हवा होता. वर्षाचे पैसे भरले होते ना! माणूस भरलेल्या पैशांची बाजू घेतो.

शुक्रवारी, १८ एप्रिल २०२५ ला, गुड फ्रायडे. त्या रात्री इंटरनेट गेले. २० तारीख जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचे मासिक विवरणपत्र, भरण्याची शेवटची, आणि ती नेमकी रविवारी, ईस्टरच्या दिवशी. रविवार म्हणून जीएसटी थांबत नाही. माझ्याकडे तीन विवरणपत्रे राहिली होती. शनिवारी पोराला फोन केला. "खांबावर फायबर तुटला, बाय. वीज खात्याने केबल कापल्या. फाल्यां." मी विश्वास ठेवला, कारण विनापरवाना बांधलेल्या केबली खात्याची माणसे कापतात हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

रविवारी दुपारी त्याचा फोन बंद. मी राऊटरजवळ जाऊन बसले. दिवे बघत. आणि तेव्हा भाच्याचे आणखी एक बोलणे आठवले: फायबर तुटला तर एलओएस नावाचा दिवा लाल होतो, कारण डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाही. आमचा लाल दिवा लागलेलाच नव्हता. फायबरची जोडणी दाखवणारा पॉनचा दिवा हिरवागार, स्थिर. म्हणजे केबल शाबूत होती. मी ब्राउझर उघडून उगाच कुठलासा पत्ता टाकला आणि समोर एक निळे पान आले: तुमची मुदत संपली आहे, रिचार्ज करा.

पानावर हेल्पलाइनचा क्रमांक होता. गोव्यातला नव्हे. पलीकडचा मुलगा हिंदीत बोलला आणि त्याने माझा ग्राहक क्रमांक टाकून शांतपणे वाचून दाखवले. माझ्या नावावर वर्षाची योजना कधीच नव्हती. तीस-तीस दिवसांचे आठ रिचार्ज झाले होते, शेवटचा १९ मार्चला. पहिला १०० एमबीपीएसचा. पुढचे सातही ४० चे. मी पंधरा महिन्यांचे पैसे दिले होते असे सांगितल्यावर तो म्हणाला, "मॅडम, कंपनीला ते मिळाले नाहीत. तुमच्या भागातल्या पार्टनरने मिळाले तसे महिन्याला भरले."

हीच ती युक्ती. तुमच्या दाराशी येतो तो कंपनीचा माणूस नसतो, गावातला फ्रँचायझीवाला असतो. तो तुमच्याकडून वर्षाचे पैसे एकदम घेतो, कंपनीच्या पोर्टलवर तुमचा रिचार्ज दर महिन्याला करतो, तोही हलक्या योजनेचा, आणि मधली रोकड फिरवतो. नवी गिऱ्हाइके मिळत राहतात तोवर जुन्यांचे महिने भरले जातात. मिळायची थांबली की एखाद्या शुक्रवारी सगळ्यांची लाइन जाते. आमच्या वाड्यावर त्या दिवशी नऊ घरांची गेली होती.

मोबाईलची रेंज आमच्या घरात एक काडी. रविवारी संध्याकाळी लॅपटॉप पिशवीत घालून मी कुर्टीला बहिणीकडे गेले. ती ईस्टरच्या जेवणाला मैत्रिणीकडे गेलेली, किल्ली शेजारी होती. जीएसटीच्या पोर्टलवर त्या रात्री सगळा देश लोटलेला. एक विवरणपत्र अकराला भरले, दोन मध्यरात्र उलटून गेल्यावर. एका दिवसाचा उशीर, प्रत्येकी ५० रुपये विलंब शुल्क. ते शंभर रुपये मी खिशातून भरले. एका गिऱ्हाइकाने मनावर घेतले नाही. दुसऱ्याने पुढच्या महिन्यात वह्या परत मागितल्या.

सोमवारी पोराचा फोन लागला. "हांव आतां त्या कंपनींत ना." मी आता त्या कंपनीत नाही. संपले.

त्या दिवशी ड्रॉवरमधली पावती काढली. वर जीएसटी क्रमांक छापलेला होता, ३० ने सुरू होणारा, म्हणजे गोव्याचा. दिवसातून शंभरदा हे क्रमांक माझ्या डोळ्यांखालून जातात. राज्याचे दोन अंक, मग पॅनची दहा अक्षरे, एक अंक, झेड, आणि शेवटी पडताळणीचे अक्षर. पंधरा. या पावतीवर चौदा होती. झेडच नव्हता. माझ्याकडून ८६२ रुपये कर म्हणून घेतले होते आणि तो कर घेण्याची त्याची नोंदणीच नव्हती. नोंदणी नसलेल्याला कर गोळा करण्यास कायद्याने मनाई आहे. जीएसटी कायद्याचे कलम ३२. ते मी इतरांना तोंडपाठ सांगते.

पुढची धावपळ थोडक्यात सांगते. आधी कंपनीकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा लागतो; तो नसेल तर पुढचे काही हलत नाही. समाधान झाले नाही तर तीस दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जायचे. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, वैयक्तिक तक्रार सोडवत नाही, हे मला पत्र लिहिल्यावर कळले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे: दूरसंचार सेवेबद्दल तिथे जाता येते हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. पण कंपनीचे एकच पालुपद, पैसे आमच्या खात्यात आलेले नाहीत. आणि ते खरेच आले नव्हते. पोराला वकिलामार्फत नोटीस गेल्यावर त्याने १,५०० डिपॉझिट परत केले, राऊटर नेला, आणि जाताना "वाईट वाटून घेऊ नका" म्हणाला. उरलेल्या सात महिन्यांचे पैसे अजून यायचे आहेत. वाड्यावरच्या नऊ घरांपैकी आम्ही दोघीच नोटिशीपर्यंत गेलो. बाकीच्यांनी पाचशे-हजारासाठी कोर्ट कशाला म्हणून सोडून दिले.

नवी जोडणी घेताना मी दर सगळ्यात शेवटी विचारला. आधी तीन घरे फिरले. रात्री नऊला काय होते आणि जुलैमध्ये किती दिवस जाते, एवढेच विचारायचे. कंपनीच्या पोर्टलवर माझे खाते माझ्यासमोर उघडायला लावले आणि योजना, मुदत, वेग स्वतः वाचला. पैसे फक्त कंपनीच्या नावावर, महिन्याचे महिन्याला. एक दुकानदार म्हणाला, वर्षाचे भरले तर दोन महिने सुटतात. सुटू देत. आता ६९९ आणि कर धरून ८२५ जातात. पहिल्यापेक्षा ११८ जास्त. सासरे कुरकुरले, पण जुलैच्या पावसात फांदी पडून केबल तुटली तेव्हा एलओएसचा लाल दिवा त्यांनीच मला दाखवला, आणि त्याच संध्याकाळी दोघे जण जोडणीचे यंत्र घेऊन आले. पडवीत बसून, छत्री धरून, केसाएवढी ती काच त्यांनी जोडली. आम्ही त्यांना चहा दिला.

२०२५ ची चवथ २७ ऑगस्टला होती. आदल्या आठवड्यात पेपरातून पत्रक पडले. २०० एमबीपीएस, ४९९ रुपये, बारा महिन्यांवर चार फुकट. कंपनीचे नाव नवे. मोबाईल क्रमांक तोच. खाली जीएसटी क्रमांकही होता, या वेळी मोजून पंधरा अक्षरी. जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहिला तर नोंदणी रद्द. पत्रक पावतीच्या शेजारी टाचणीने लावून ठेवले आहे, आणि शेजारच्या काकींना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगे, मी कालच भरले."