साकीनाक्याच्या गाळ्यात आटे मोजणारा कॅमेरा: नऊ महिन्यांनंतर

आमच्याकडे एम१० चे, म्हणजे १० मिमी जाडीचे, बोल्ट दोन प्रकारचे चालतात, १.५ पिचचे आणि १.२५ चे. पिच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर, मिमीमध्ये. लांबी तीच, डोकं तेच, रंगही तोच. गेल्या वर्षी एका पेटीत १.२५ चे सात बोल्ट मिसळून गेले आणि पार्टीने अख्खा लॉट परत पाठवला. त्या धक्क्यानंतर हा कॅमेरा घेतला.

सगळे सॉफ्टवेअरबद्दल विचारतात. माझ्या मते निम्म्याहून जास्त काम उजेड करतो. बोल्टच्या मागे लाल दिवा, त्यामुळे कॅमेऱ्याला दिसते ती नुसती काळी सावली, आणि तिच्या कडेला आटे करवतीच्या दात्यांसारखे उठून दिसतात. फोटोत आडवे २४४८ पिक्सेल, त्यात ६० मिमी जागा मावते. म्हणजे एक पिक्सेल ०.०२४५ मिमीचा. १.२५ पिचचे शेजारचे दोन दाते एकमेकांपासून ५१ पिक्सेलवर येतात, १.५ चे ६१ वर. हजारो फोटो दाखवून काही शिकवावं लागलं नाही. मोजलं की ओळख पटते.

लेन्स मात्र टेलिसेंट्रिकच घ्या. साध्या लेन्सला जवळची वस्तू मोठी दिसते, बोल्ट जरा पुढे-मागे पडला की माप बदलतं. हिच्यात तसं होत नाही. हिचं तोंड निदान वस्तूएवढं रुंद असावं लागतं, म्हणून ती जड आणि महाग. तरी इथे काटकसर करू नका.

विकणाऱ्याने डेमो एसी खोलीत, पुसलेल्या बोल्टवर दाखवला होता. आमच्या गाळ्यात दुपारी चारला शटरमधून ऊन थेट आत येतं. पहिला महिनाभर रोज त्याच वेळी चांगला माल रिजेक्ट व्हायचा. शेवटी काळी पेटी बनवली आणि लेन्सवर फक्त लाल उजेड सोडणारा फिल्टर लावला, तेव्हा थांबलं. दुसरा त्रास तेलाचा. दोन आट्यांमध्ये थेंब अडकला की सावलीत खाच भरलेली दिसते आणि मोजणी एकाने चुकते. आता प्रत्येक ट्रे धुऊन, एअरगन मारूनच आत जातो. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते; सुट्टीच्या दिवशी ती सिलिका जेलच्या डब्यात ठेवतो.

एक काम याला जमत नाही. डोक्यावरचा ८.८ की १०.९ हा ग्रेडचा, म्हणजे मजबुतीचा, शिक्का सावलीत दिसतच नाही. तो आजही आमच्या मावशी खिडकीपाशी बसून, बोल्ट उजेडात तिरका धरून वाचतात. त्यासाठी बाजूने पडणारा दिवा मागवलाय.