रात्रीच्या कपात काय घ्यावं: कॅमोमाइल, पॅशनफ्लॉवर, लेमन बाम की व्हॅलेरियन?

मन शांत करण्याचा दावा हर्बल टीच्या जवळपास प्रत्येक डब्यावर छापलेला असतो. त्यामुळे लेबल वाचून निवड करण्यात अर्थ नाही. आधी बघायचं ते आपलं नेमकं काय बिघडलंय. विचारांचं चक्र थांबत नाही, झोप लागत नाही, की पोट बिघडल्यामुळे अस्वस्थ वाटतंय?

काहीच अंदाज नसेल तर कॅमोमाइलपासून सुरुवात करावी, असं माझं मत. चव सौम्य आणि किंचित गोडसर, त्यामुळे रोज घ्यायला कंटाळा येत नाही. याच्या फुलांत एपिजेनिन नावाचं द्रव्य असतं. मेंदूतल्या ज्या ठिकाणी झोपेच्या काही गोळ्या काम करतात तिथेच ते चिकटतं, असं प्रयोगशाळेत दिसलंय. पण चिंतेवरचे नावाजलेले प्रयोग झालेत ते अर्काच्या कॅप्सूलवर. कपात उतरणारं प्रमाण त्याहून बरंच कमी असतं. थेट चहावरचा एक अभ्यास तैवानमध्ये ८० बाळंतिणींवर झाला. दोन आठवडे कॅमोमाइल घेणाऱ्यांच्या झोपेच्या तक्रारी आणि उदासी कमी झाली. पुढच्या दोन आठवड्यांत मात्र हा फरक पुसला गेला. शिवाय दुसऱ्या गटाला प्यायला वेगळं काहीच दिलेलं नव्हतं. म्हणजे श्रेय फुलाचं की कप हातात घेऊन निवांत बसण्याचं, हे कळायला मार्ग नाही. पिणाऱ्याला त्याने काय फरक पडतो, हा प्रश्न आहेच म्हणा.

शेवंती किंवा झेंडूची ॲलर्जी असेल तर कॅमोमाइल टाळा, कारण कूळ एकच. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

पॅशनफ्लॉवर म्हणजे कृष्णकमळाच्या जातकुळीतली वेल. चहासाठी तिची एक विशिष्ट जात वापरतात. कुंपणावरच्या वेलीची पानं तोडून उकळायची नाहीत. याची बाजू एका बाबतीत कॅमोमाइलपेक्षा भक्कम आहे: ऑस्ट्रेलियात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तुलनेसाठी दुसऱ्या वनस्पतीचा चहा दिला होता. त्यात पॅशनफ्लॉवर पिणाऱ्यांनी स्वतःच्या झोपेला थोडे जास्त गुण दिले. फरक लहान आणि माणसं तरुण, निरोगी. डोक्यातली बडबड रात्रीच वाढत असेल तर मी हा दुसरा पर्याय धरेन. गरोदरपणात मात्र नको.

लेमन बाम पुदिन्याच्याच कुळातला, वासाला लिंबासारखा. तो दिवसा घ्यायला बरा वाटतो. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. साध्या पुदिन्याच्या चहाने मात्र झोप लागते असं नाही. जेवणानंतरची पोटातली तडस कमी झाली की मनही सैलावतं, एवढंच. आम्लपित्त वर येत असेल तर तो त्रास वाढवतो.

व्हॅलेरियनच्या मुळांचा चहा मी सुचवणार नाही. वास न धुतलेल्या मोज्यांसारखा येतो, आणि तो सहन करून मिळणारं फळही खात्रीचं नाही. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली निद्रानाशासाठी व्हॅलेरियन वापरू नये असंच सुचवलंय. झोपेच्या गोळ्या किंवा दारूसोबत तर अजिबात नको.

आता कुठलाही डबा घेताना मागची यादी वाचा. हर्बल म्हटलं की कॅफीन नसणार, असं गृहीत धरू नका. येरबा माते (दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाची पानं) किंवा ग्रीन टी मिसळलेली असेल तर कॅफीन आलंच. ज्येष्ठमध चव गोड करतं, पण ते रोज जास्त पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीवर वापरली जाणारी वनस्पती गर्भनिरोधक गोळ्यांसकट कितीतरी औषधांचा परिणाम कमी करतं. कावा नावाचं मूळ (काश्मिरी कहवा नव्हे) दिसलं तर डबा परत ठेवा, त्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

कॅमोमाइल घेतलं तर कपावर झाकण ठेवून पाच ते दहा मिनिटं मुरू द्या, नाहीतर सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातं. झोपण्याआधी तासभर तरी प्या, अगदी अंथरुणात शिरताना नको; लघवीसाठी उठावं लागलं तर मिळवलेली झोप तिथेच जाते.