भिंतीवरचं काट्यांचं घड्याळ: नीटच्या रिपीट वर्षातला अनुभव

ऑगस्ट २०२४ मध्ये लातूरला गंजगोलाईतून साडेतीनशे रुपयांना घेतलं. पांढरी तबकडी, ठळक काळे आकडे, लाल सेकंदकाटा. ४ मे २०२५ च्या नीटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या, पेपरपर्यंत रोज वापरलं, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षी मी सगळ्या टेस्ट मोबाईलचा टायमर लावून सोडवल्या. उलटे पळणारे आकडे दिसले की तळहात गार पडायचे. नीटला स्वतःचं घड्याळ घालून जाता येत नाही, वेळ वर्गातल्या घड्याळावरच बघायची. तिथे काटे बघून किती वेळ उरला हेच मला पटकन कळेना. एकेका प्रश्नाआधी मान वर करून हिशेब करायचे आणि पुन्हा प्रश्न पहिल्यापासून वाचायचे. बायोलॉजीतले येणारे प्रश्नसुद्धा अशाने गेले.

रिपीट, म्हणजे आणखी एक वर्ष तयारी करून पुन्हा परीक्षा द्यायचं ठरलं, आई माझ्यासोबत राहायला आली आणि खोलीवरची पहिली खरेदी हे घड्याळ होतं. दर रविवारी दुपारी बरोबर दोनला पेपर सुरू. त्यासाठी आई साडेअकरालाच जेवायला वाढायची. सुरुवातीचे काही रविवार तीनच्या सुमारास डोळे मिटायचे, कारण वर्षभर मी रात्री जागून अभ्यास केलेला आणि पेपर मात्र भरदुपारी. दिवाळीपर्यंत अंगाला ती वेळ सवयीची झाली. घड्याळाकडे बघायचं ते फक्त ४५ प्रश्न झाले की, मध्ये नाही. हा नियम पाळणं सगळ्यात अवघड गेलं आणि त्याचाच सगळ्यात जास्त फायदा झाला.

जानेवारीत पॅटर्न बदलला. ऐच्छिक प्रश्न गेले, वेळ २०० मिनिटांवरून १८० मिनिटांवर आली. आमच्या बॅचमध्ये त्या दिवशी मुली रडत होत्या. मलाही धडधडलं, पण रविवारी पेपर पाच वीसऐवजी पाचला संपवायचा एवढाच बदल भिंतीवर दिसत होता. १८० प्रश्न, १८० मिनिटं. मोठा काटा एक घर पुढे गेला की एक प्रश्न. मला तो हिशेब उलट सोपा वाटला.

आता सेकंदकाट्याबद्दल. अकरावीच्या एनसीईआरटीच्या बायोलॉजीच्या पुस्तकातून आपण पाठ करतो की मिनिटाला साधारण ७२ ठोके आणि १२ ते १६ श्वास. फिजिक्सच्या टेस्टआधी माझे ठोके गळ्यात ऐकू यायचे. मग लाल काट्याकडे बघत चार सेकंद श्वास आत आणि सहा सेकंद बाहेर असं सुरू केलं. काट्याच्या एका फेरीत सहा श्वास होतात. श्वास सोडताना ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. पहिले आठ-दहा दिवस काहीच वाटलं नाही. पण रोज सकाळी अभ्यासाला बसताना आणि रात्री झोपताना केलं, तेव्हा कुठे टेस्टमध्ये उपयोगी पडायला लागलं. नुसतं परीक्षेच्या दिवशी करून भागत नाही.

तक्रारी दोन. एक, टिकटिक. रात्री ती डोक्यात शिरायची, म्हणून झोपताना घड्याळ स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवायचो. काटा न थांबता सरकत जातो अशी बिनआवाजाची घड्याळं मिळतात, तीच घ्या. दुकानात कानाला लावून बघा. दुसरी, सेल उतरला की घड्याळ आधी हळू चालायला लागू शकतं, लगेच बंद पडेलच असं नाही. मार्चमध्ये एका रविवारी मी वेळेत पेपर संपवल्याच्या आनंदात होते आणि आईच्या मोबाईलवर पाच सात झाले होते. त्या सात मिनिटांनी दोन दिवस झोप उडवली. तेव्हापासून दर शनिवारी वेळ जुळवून बघायचे.

एक गोष्ट मनापासून सांगते. डिसेंबरमध्ये घड्याळ, श्वास काही कामाला आलं नाही. घास गिळवत नव्हता, रात्रभर डोळा लागत नव्हता, पुस्तक उघडलं की रडू यायचं. आईनेच १४४१६ ला फोन लावला. सरकारची टेलीमानस सेवा आहे, फोन मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या ताईंनी मला अभ्यासाबद्दल एकही सल्ला दिला नाही, आधी झोपेचं विचारलं. मग त्यांच्या सांगण्यावरून डॉक्टरांना भेटलो. तुमचं असं होत असेल तर कुठल्याही वस्तूवर किंवा युक्तीवर विसंबून राहू नका, त्याच दिवशी फोन करा. वर्ष वाया जाईल म्हणून मी तीन आठवडे गप्प बसले, ते चुकलं.

४ मेच्या पेपरला फिजिक्स फारच अवघड होतं. सलग पाच प्रश्न सुटेनात, शेजारचा मुलगा पेन आपटत होता. मी पेन खाली ठेवलं, समोरच्या घड्याळावर एक पूर्ण फेरी सहा श्वास घेतले. एक मिनिट म्हणजे एक प्रश्न, तो मी सोडला. पुढच्या पानावरचे तीन सुटले. गुण घड्याळामुळे आले असं मी म्हणणार नाही, पण त्या वर्गातून मी पेपर पूर्ण सोडवून बाहेर आले, मागच्या वर्षी ते जमलं नव्हतं.

खोली सोडताना घड्याळ खालच्या मजल्यावरच्या रिपीटर मुलीला दिलं. तिला टिकटिक चालते म्हणाली. सेल मार्चमध्ये बदललाय, दिवाळीच्या आत नवा टाक, एवढं तिला सांगून आले.