‘बॉर्डर मारून येऊ’ म्हणणाऱ्या एजंटाला मी दिलेले एक लाख पासष्ट हजार

मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, गलाईवाल्यांच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्यांच्या घरातला. आमच्याकडं पोरगं दहावी झालं की चुलत्याच्या नाहीतर मामाच्या दुकानावर जातं. कुणी केरळात, कुणी तमिळनाडूत, कुणी पार आसामात. मी अकरा वर्षं तमिळनाडूत भट्टीपुढं काढली. सोनं आटवणं, तेजाबात टाकणं, टंच म्हणजे सोन्याचा कस काढणं, सगळं येतं. हे आधीच सांगतो, कारण ‘फसणारे अडाणी असतात’ असं मलाही वाटायचं. सोन्यातली भेसळ मी नुसत्या रंगावरून सांगू शकतो. माणसाच्या बाबतीत ते जमलं नाही.

एजंट लांबून नात्यातलाच निघाला. सांगलीत गाळा, भिंतीवर विमानाचं मोठं पोस्टर, चहा न मागता यायचा. वडलांना ‘मामा’ आणि मला ‘पाव्हणं’ म्हणायचा. म्हणाला, बँकॉकला दागिन्यांच्या कारखान्यात माणूस पाहिजे, महिन्याला वीस हजार बाट. तेव्हाच्या हिशेबानं पन्नास हजार रुपये. जेवण-राहणं मालकाचं.

“आणि विजा?” मी विचारलं.

“पाव्हणं, विजा कशाला पाहिजे? साठ दिवस फुकट. साठ भरत आलं की गाडीत बसायचं, बॉर्डर मारायची, शिक्का घ्यायचा, परत साठ. तवर तीन-चार महिन्यांत वर्क परमिट होतंय. आपली किती पोरं अशीच राहत्यात.”

मी घरी येऊन मोबाईलवर बघितलं, तर खरंच निघालं. १५ जुलै २०२४ पासून थायलंडनं ९३ देशांच्या लोकांना विजाशिवाय साठ दिवस राहायची मुभा दिली होती आणि त्यात भारत होता. एवढं खरं निघाल्यावर पुढचं तपासायचं सुचलंच नाही. ही सवलत फिरायला येणाऱ्यांसाठी आहे हेही त्याच पानावर होतं. मी वाचलंही होतं, पण पन्नास हजाराचा आकडा डोक्यात असला की नजर अशा ओळीवर थांबत नाही.

बायकोची बोरमाळ पतसंस्थेत तारण ठेवून दीड लाख उचलले, पंधरा हजार घरातले घातले. एक लाख रोख, बाकीचे फोनवरून. रोखीची पावती दिली त्यानं. त्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं ‘थायलंड टूर पॅकेज, ६ दिवस ५ रात्री’. मी म्हणालो, हे काय? तर म्हणाला, “विमानतळावर दाखवायला लागतंय, दुसरं काय न्हाय.” परतीचं तिकीटही काढून दिलं, ते मी तिकडं पोचल्यावर त्यानंच रद्द केलं. आणि पढवलं, की कुणी विचारलं तर फिरायला आलोय म्हणायचं, कामाचं नावसुद्धा काढायचं नाही. आता वाटतं, त्याच जागी उठून यायला पाहिजे होतं. जो माणूस सरकारी काउंटरवर खोटं बोलायला शिकवतो, तो आपल्याशी खरं बोलत असेल कशावरून?

१८ जानेवारी २०२५ ला सुवर्णभूमी विमानतळावर उतरलो. पासपोर्टवर १८ मार्चपर्यंतचा शिक्का बसला. कारखाना म्हणजे एका दुकानावरचा चौथा मजला, दोन खोल्या, आठ माणसं. वीस हजार बाट सांगितले होते, पहिल्या महिन्याला बारा हजार हातात पडले. बाकीचे ‘परमिटच्या खर्चाला’ कापले. चेनी जोडायच्या, पॉलिश करायचं. दिवसा खाली उतरायचं नाही, खिडकीचा पडदा सरकवायचा नाही.

त्या परमिटचं काय होतं ते पुढं कळलं. सोन्या-चांदीच्या वस्तू घडवणं आणि रत्नांना पैलू पाडणं ही कामं थायलंडच्या कायद्यानं तिथल्या नागरिकांसाठी राखून ठेवली आहेत. परदेशी माणसाला त्यांचं परमिट मिळतच नाही. म्हणजे ज्या कागदासाठी माझ्या पगारातून पैसे कापत होते, तो कागद जगात नव्हताच. आणि परमिटशिवाय काम करताना सापडलो असतो तर पाच ते पन्नास हजार बाट दंड करून हाकलून दिलं असतं.

पहिली बॉर्डर मार्चमध्ये मारली. दुपारी बँकॉकहून गाडीत बसलं की रात्रभर दक्षिणेकडं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाडांग बेसार. हे स्टेशन मलेशियाच्या हद्दीत आहे, पण थाई आणि मलेशियन अशी दोन्ही इमिग्रेशनची काउंटरं तिथं एकाच इमारतीत आहेत. थाई काउंटरवर बाहेर पडल्याचा शिक्का, दहा-वीस पावलं चाललं की मलेशियात आल्याचा शिक्का. मलेशियाची वेळ थायलंडच्या एक तास पुढं, त्यामुळं मोबाईलमधलं घड्याळ मध्येच उडी मारायचं. दिवसभर बाकड्यावर बसायचं, संध्याकाळच्या गाडीआधी तीच पावलं उलटी टाकायची. १६ मार्चला नवा शिक्का मिळाला, १४ मेपर्यंत. एजंटाचा तिथला पोऱ्या सोबत होता. या एका फेरीचे नऊ हजार बाट पगारातून गेले. गाडीचं तिकीट कितीचं होतं ते मी माझ्या डोळ्यानं बघितलं होतं, पण बोलणार कुणाला?

दुसरी फेरी १२ मेला. १ मेपासून थायलंडनं येण्याआधी एक ऑनलाइन फॉर्म भरायचा नियम केला होता. पोऱ्यानं त्याचे चारशे बाट घेतले, मलेशियाच्या फॉर्मचे वेगळे. हे दोन्ही फॉर्म सरकारी साइटवर फुकट भरता येतात. पाच मिनिटांचं काम. या वेळी काउंटरवरच्या बाईंनी पैसे दाखवा म्हटलं. विजाशिवाय येणाऱ्याकडं वीस हजार बाट आहेत का, हे ते विचारू शकतात. पोऱ्यानं सकाळीच माझ्या खिशात नोटांची गड्डी कोंबली होती, ती दाखवली. शिक्का बसला, १० जुलैपर्यंत. गाडीत बसायच्या आत पोऱ्यानं गड्डी परत घेतली, वर भाड्याचे पाचशे.

तिसरी फेरी ८ जुलैची. त्या दिवशीचं बारीकसारीक अजून आठवतं. माझ्यापुढं एक गुजराती पोरगं होतं, पहिल्यांदाच आलेलं, ते सुटलं. माझा पासपोर्ट साहेबानं शेवटच्या पानापासून उलटा चाळला. जानेवारी, मार्च, मे. प्रत्येक शिक्क्यावर पेनचं टोक टेकवलं, आवाज न करता. मग दोन बोटं वर केली. “लँड, टू टाइम. फिनिश.” नियम त्यानं सांगितला तेव्हा कळला. विजाशिवाय जमिनीवरून एका कॅलेंडर वर्षात दोनदाच येता येतं. हा नियम २०१६ च्या शेवटापासून आहे. एजंटाला तो माहीत नव्हता, हे मी मरेपर्यंत मानणार नाही.

मग साहेबानं माझ्या हाताकडं बघितलं. पॉलिशच्या चाकावर बसणाऱ्याच्या नखांत जो काळा मळ बसतो, तो साबणानं जात नाही. “यू वर्क?” म्हणाला. मी “टुरिस्ट, टुरिस्ट” म्हणत राहिलो. तो हसला नाही, ओरडलाही नाही. पासपोर्ट परत सरकवला आणि मलेशियाच्या काउंटरकडं बोट केलं.

पोऱ्या त्या गुजराती पोराबरोबर पुढं निघून गेला होता. त्याला फोन लावला तर बंद. सांगलीला लावला तर एजंट म्हणाला, “पाव्हणं, विमानानं परत शिरा, विमानाला दोनचा नियम न्हाय. पंचवीस हजार पाठवा, करतो.” असा आकडा विमानाला नाही, हे त्याचं खरं होतं. पण विमानतळावरही तोच पासपोर्ट, तेच शिक्के. पन्नास वेळा आलात म्हणून एक्कावन्नाव्यांदा आत घ्यायलाच पाहिजे, असा कुणाचा हक्क नसतो. दर वेळी समोरचा अधिकारी नव्यानं ठरवतो. आता तर ते आणखी कडक झालंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये थाई इमिग्रेशननं जाहीरच केलं, की सबळ कारण नसताना दोनपेक्षा जास्त वेळा असं आत-बाहेर केलेल्यांना अडवणार.

माझ्या खोलीतल्या एकाला हाच एजंट म्हणाला होता, “बॉर्डर नको तर नुसतं राहून जा, दंड भरला की मोकळं.” दंड दिवसाला पाचशे बाट आणि जास्तीत जास्त वीस हजार, इथपर्यंत खरं आहे. पण नव्वद दिवसांच्या वर राहून स्वतःहून निघालं तरी एक वर्ष बंदी, आणि त्याआधी कुठं धरलं गेलं तर एका दिवसालासुद्धा पाच वर्षं. ते काही तो सांगायचा नाही.

मलेशियाच्या साहेबानंही बरंच विचारलं, शेवटी शिक्का दिला. खांद्याला एक पिशवी, त्यात टॉवेल आणि चार्जर. कपडे, जूनचा पगार, बायकोसाठी घेतलेली साडी, सगळं चौथ्या मजल्यावर. रेल्वेनं क्वालालंपूर, एक रात्र स्टेशनाबाहेर. मेहुण्यानं तिकिटाचे चौदा हजार पाठवले, तेव्हा मुंबई आणि मग रात्रीच्या गाडीनं विटा.

सांगलीतल्या गाळ्यात गेलो, तर या वेळी चहा आला नाही. “मामांना विचारा, मी कुठं नोकरी म्हणालो? तुम्ही सहलीला गेला. पावती बघा.” पोलिसांनी अर्ज घेतला, पण पहिला प्रश्न तोच केला, पावतीवर नोकरी कुठं लिहिलीय? त्या सहा दिवस पाच रात्रींचा अर्थ मला तिथं कळला. विमानतळावर दाखवायला म्हणून दिलेला तो कागद असल्या दिवसासाठीच होता. आणि काउंटरवर तीनदा ‘टुरिस्ट’ म्हणून मीच त्याची साक्ष भरली होती.

मला थोडंफार वाचवलं ते व्हॉट्सअॅपनं. टाइप करायचा कंटाळा म्हणून तो सगळं बोलून पाठवायचा. पगार किती, कारखाना कुठं, काउंटरवर काय बोलायचं, सगळं त्याच्याच आवाजात होतं. मुंबईतल्या चुलतभावानं सांगितलं, की परदेशात नोकरीला माणसं पाठवायची तर १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली केंद्र सरकारची नोंदणी लागते, आणि नोंदणीवाल्यालाही तीस हजार आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. त्यात याचं नाव नव्हतं. हे बघायला मला दोन मिनिटं लागली, आणि तीही सहा महिने उशिरा. मग आवाजाचे मेसेज पेनड्राइव्हवर घालून मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या ऑफिसात अर्ज दिला आणि त्याची प्रत पोलिसांत. प्रत गेल्यावर आठवड्यानं एजंटाकडून माणूस घरी आला, ‘नात्यात कशाला वाढवायचं’ म्हणत. दोन हप्त्यांत साठ हजार मिळाले. बाकीचे अजून बाकी आहेत, अर्ज मागं घेतलेला नाही. बोरमाळ पतसंस्थेतच आहे.

हे लिहायचं कारण म्हणजे मागच्या रविवारी आटपाडीकडच्या एका पोराचा फोन आला. कुणीतरी माझा नंबर दिला होता. “दादा, तुम्ही बँकॉकला होता म्हणं, कसंय तिथं? मी निघालोय, पैसे भरलेत.” मी म्हटलं, बाकीचं नंतर सांगतो, आधी तुझ्या पावतीवर काय लिहिलंय ते बघ. म्हणाला, घरी गेल्यावर बघतो.

रात्री साडेनऊला फोटो आला. निळी शाई, तेच अक्षर. थायलंड टूर पॅकेज, ६ दिवस ५ रात्री.