कुंभारगाव-भिगवणची बोट: फ्लेमिंगो सोडा, ब्लूथ्रोट बघा

उजनी धरणाच्या बॅकवॉटरवरच्या भिगवणला बहुतेक पब्लिक फ्लेमिंगोसाठी जातं, आणि बोटवाले पण तेच दाखवून तासाभरात परत काठाला लावतात. आम्ही ज्या दादांची बोट घेतली ते पिढीजात मच्छीमार, आता गाइड, आणि माणूस एकदम वेगळा निघाला. पाणकणसाच्या कडेला मोटर बंद केली, बांबूने होडी ढकलत नेली आणि म्हणाले, "आता बोलू नका, खाली चिखलात बघा." पाच मिनिटं काहीच नाही. मग चिमणीएवढा एक पक्षी टुणटुण उड्या मारत बाहेर आला, शेपूट झटकन वर, गळ्यावर निळा पट्टा आणि मधोमध तांबूस ठिपका. ब्लूथ्रोट! मादीला हा निळा रंग जवळपास नसतोच, पण शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना विटकरी रंग असतो, तो उडताना दिसला की नक्की, हे पण दादांनीच सांगितलं.

माझ्याकडच्या जुन्या पुस्तकात हा थ्रशच्या (कस्तूर पक्ष्यांच्या) कुटुंबात आहे, तर दादा म्हणे नाही ओ सर, आता फ्लायकॅचरमध्ये (माशीमार पक्ष्यांत) घेतलाय, आपला दयाळ आणि गप्पीदास पण तिकडेच. घरी येऊन चेक केलं, बरोबर आहे, डीएनए बघून ही सगळी मंडळी मस्किकॅपिडी म्हणजे फ्लायकॅचरच्याच कुटुंबात हलवलीत. गंमत म्हणजे प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये याला मोटासिला म्हणजे चक्क धोबी पक्ष्याच्या (वॅगटेलच्या) गटात टाकलेलं, आता तो ल्युसिनिया आहे, नाइटिंगेलचा भाऊबंद. होडीवर बसून एवढं ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं राव.

आता तक्रारी. लाइफ जॅकेट मळकट होती आणि एकाचं बक्कल तुटलेलं, मागितल्यावर दुसरं दिलं. रेट आधीच ठरवून घ्या, शनिवार-रविवारी वाढवतात. आणि शेजारच्या बोटी फ्लेमिंगोंच्या अगदी अंगावर नेत होत्या, थवा उडावा आणि फोटो निघावा म्हणून, ते बघून डोकं फिरलं. आमच्या दादांनी मात्र लांबच ठेवली.

जेवण त्यांच्या घरीच, चिलापी फ्राय आणि भाकरी, तिखट झेपत असेल तरच. ब्लूथ्रोट हिवाळी पाहुणा आहे, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत जा, सकाळी उजाडताना बोट मिळेल असं आदल्या दिवशी फोन करून पक्कं करा, आणि फक्त फ्लेमिंगो नकोत हे आधीच सांगा, नाहीतर सवयीने तिकडेच नेतील.