मॉर्मन आणि इतर ख्रिस्ती: फरक नेमका कुठे?

मॉर्मन म्हणजे जोसेफ स्मिथने अमेरिकेत सुरू केलेल्या पंथाचे अनुयायी. येशू तारणहार आहे, तो मेलेल्यांतून उठला, इथवर त्यांचं आणि इतर ख्रिस्तींचं एकमत. खरी फाटाफूट होते त्रैक्यावर. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रोटेस्टंट मानतात की पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून देव एकच. मॉर्मनांच्या मते हे तिघे वेगवेगळे, आणि पित्यालाही हाडामांसाचा देह आहे. फरक किरकोळ नाही. २००१ मध्ये व्हॅटिकनने मॉर्मन बाप्तिस्मा (पाण्याने दिली जाणारी ख्रिस्ती दीक्षा) अग्राह्य ठरवला.

बायबल दोघांचंही; मॉर्मन १८३० साली जोसेफ स्मिथने प्रसिद्ध केलेलं ‘बुक ऑफ मॉर्मन’ही पवित्र मानतात. येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी म्हणजे प्रभुभोजन; मॉर्मनांच्या प्रभुभोजनात द्राक्षारसाऐवजी साधं पाणी.

मला सर्वांत भिडते ती मृतांच्या वतीने बाप्तिस्मा घेण्याची प्रथा. पणतू पणजोबांसाठी मंदिरातल्या कुंडात बुडी घेतो; हा बाप्तिस्मा स्वीकारायचा की नाही, हे मात्र पणजोबांच्या आत्म्यावर सोडलेलं असतं. इतर प्रमुख चर्चना हे मान्य नाही.